रापणीच्या पुळणीवर फिल्म आणि डिजिटल, शेजारी शेजारी

डिजिटल व्हिडिओ फिल्मसारखा का दिसत नाही असं विचारलं, की बहुतेकांचं उत्तर एकच असतं: दाणे. सॉफ्टवेअरमधून ग्रेन टाका, रंग जरा पिवळट करा, झालं काम. मालवण ते वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात १६ मिमीचा कॅमेरा आणि डिजिटल कॅमेरा शेजारी लावून रापण (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं), चिऱ्याची म्हणजे जांभ्या दगडाची खाण, भाताचे मळे आणि रात्रीचा दशावतार टिपला, तेव्हा या उत्तरात फारसा दम राहिला नाही. दाण्यांचा वाटा सगळ्यांत कमी निघाला. खरा फरक उजेड कुठे संपतो, हलणारी वस्तू किती पुसली जाते आणि गडद रंग उजळतो की दाटतो, यात आहे. पहिल्या दोन गोष्टी तर बटण दाबायच्या आधीच ठरून गेलेल्या असतात.

जोडणी अशी होती. एका बाजूला सुपर १६ (म्हणजे १६ मिमीच्याच फिल्मवर जरा रुंद फ्रेम) कॅमेरा, ४०० फुटी मॅगझिन (फिल्म भरायची बंद पेटी), दिवसा कोडॅक व्हिजन३ ५०डी आणि रात्री ५००टी फिल्म; आकडा मोठा तितकी ती कमी उजेडात चालते. दुसऱ्या बाजूला सुपर ३५ सेन्सरचा डिजिटल कॅमेरा, १० बिट, ४:२:२ रंगनोंद, एस-लॉग३ (उजेड-सावलीचा जास्त पल्ला टिपायची सोनीची फिकट नोंद; खरे रंग नंतर चढवायचे). दोन्ही २५ फ्रेमवर. १६ मिमीच्या एका फुटात ४० फ्रेम बसतात, म्हणजे ४०० फुटांचा डबा २५ फ्रेमच्या वेगाने १० मिनिटं ४० सेकंदांत संपतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे २५ फ्रेम आणि १८० अंशांचं शटर (फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं) धरलं की एक्स्पोजर सेकंदाचा पन्नासावा भाग होतं आणि दिवे लुकलुकत नाहीत. २४ फ्रेमच हव्या असतील तर शटर १७२.८ अंशांवर आणावं, तोच पन्नासावा भाग मिळतो.

तुलना करताना पहिली गल्लत लेन्समध्ये होते. सुपर १६ ची फ्रेम साधारण साडेबारा मिलिमीटर रुंद, सुपर ३५ ची त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून तिकडे १६ ची लेन्स असेल तर इकडे ३२ ची लावायची. तेवढ्याने भागत नाही. पाठीमागचं तेवढंच धूसर किंवा तेवढंच स्पष्ट दिसायला डिजिटलची लेन्स दोन स्टॉपने बंद करावी लागते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट; एफचा आकडा वाढला की लेन्सचं भोक लहान): फिल्मवर एफ ५.६, तर डिजिटलवर एफ ११. हे न करता दोन चित्रं शेजारी ठेवली, की डिजिटलची पार्श्वभूमी वितळलेली दिसते आणि बघणारा त्यालाच ‘सिनेमाचा लूक’ म्हणून मोकळा होतो. १६ मिमीवर काढलेल्या जुन्या माहितीपटांत मागची होडीसुद्धा बऱ्यापैकी स्पष्ट असते, हे कुणी लक्षात घेत नाही.

फिल्मची तयारी किनाऱ्यावर जास्त जाच देते. कोरे डबे १३ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवायचे असतात, म्हणजे घरचा फ्रिज. तिथून काढून लगेच उघडले तर कोकणच्या दमट हवेत इमल्शनवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या लेपावर, बाष्प धरतं आणि डाग राहतात. १६ मिमीचा डबा सीलबंद ठेवूनच किमान तासभर-दीड तास बाहेर राहू द्यायचा, ३५ मिमीला तीन तास तरी हवेत. पावसाळ्यात त्याहून थोडा जास्त वेळ बरा. चेंजिंग बॅगमध्ये (उजेड आत न येणारी, बाह्या असलेली पिशवी) हात घालून मॅगझिन भरताना घाम टपकतो, म्हणून बाह्यांना आतून सुती फडकं गुंडाळायचं आणि शक्यतो पहाटेच सगळी मॅगझिनं भरून टाकायची. भरून झाली की कडांना टेप. पुळणीवर मॅगझिन बदललं की दर वेळी गेट (लेन्समागची, फिल्म सरकते ती चौकट) उघडून बघायचं: एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तर तो पूर्ण डब्यावर ओरखडा ओढत जातो. साफ करायला रबरी ब्लोअर वापरावा. तोंडाने फुंकर घातली तर वाफ आत जाते.

डिजिटलची तयारी त्यामानाने दहा मिनिटांची: कार्ड फॉरमॅट, लेन्स पुसणं, डिटेल सेटिंग शून्यावर. हे शेवटचं विसरू नये. स्वस्त कॅमेरे आणि फोन चित्राच्या कडा आपणहून धारदार करतात. आभाळासमोर माडाची झावळी आली, की प्रत्येक पातीभोवती पांढरी किनार उमटते. व्हिडिओ ‘व्हिडिओसारखा’ दिसण्याचं ते एक मोठं कारण, आणि ही किनार नंतर निघत नाही.

रापण ओढायचं काम सकाळी चाललेलं असेल, तर सूर्य सह्याद्रीच्या बाजूने, म्हणजे पाठीमागून वर येतो. समुद्राकडे तोंड करून कॅमेरा लावला तर सगळं सपाट दिसतं. कॅमेरा किनाऱ्याच्या रेषेत धरला की दोर ओढणाऱ्यांच्या अंगावर आडवा उजेड मिळतो, खांद्यांना आकार येतो. इथे दोन्ही कॅमेऱ्यांचं गणित वेगळं होतं. ५० एएसएची (एएसए आणि आयएसओ, दोन्ही उजेडाच्या संवेदनशीलतेचे आकडे) फिल्म, पन्नासावा भाग सेकंद: भर उन्हात थेट एफ १६. तीन स्टॉपचा ०.९ एनडी (लेन्ससमोरची उजेड कमी करणारी करडी काच) लावला की एफ ५.६. डिजिटलचा बेस आयएसओ ८००, म्हणजे चार स्टॉप जास्त. त्याच शटरला एफ ६४ निघतो, जो लेन्सवर नसतोच. एफ ११ वर यायला पाच स्टॉपचा १.५ एनडी, आणि मागचं धूसर करायच्या हौसेने एफ ५.६ हवा असेल तर सात स्टॉपचा २.१.

एवढा दाट एनडी लागला की नवी भानगड सुरू होते. साधा एनडी दिसणारा उजेड अडवतो, इन्फ्रारेड सोडून देतो. सेन्सरला तो दिसतो. परिणामी काळी सिंथेटिक छत्री, काळी पँट विटकरी-तपकिरी उतरते आणि नंतर कितीही ग्रेडिंग (रंग-उजेडाची दुरुस्ती) केलं तरी काळी होत नाही, कारण बाकीचे रंग सोबत ओढले जातात. उपाय एकच: इन्फ्रारेड अडवणारा एनडी. फिरवायचा व्हेरिएबल एनडी सोयीचा वाटतो, पण तो म्हणजे दोन पोलरायझर एकावर एक. ओल्या पुळणीवरची चकाकी तो फिरवताना कमी-जास्त होते, आणि टोकापर्यंत फिरवला तर फ्रेमवर काळी फुली पडते. किनाऱ्यावर तो टाळलेला बरा.

आता उजेड संपतो कसा, ते. जाळ्याचं शेवटचं पोट काठावर आलं की त्यात तारली आणि बांगडे उसळत असतात आणि प्रत्येक खवल्यावर ऊन लखलखतं. कॅमेऱ्याची याहून कडक परीक्षा शोधून सापडणार नाही. डिजिटल सेन्सर उजेड सरळ रेषेत मोजतो: दुप्पट उजेड, दुप्पट विद्युतभार. पिक्सेल भरला की पुढे काही नाही. म्हणून त्या चकाकीचे ठिपके कात्रीने कापलेल्या कागदासारखे येतात, आत सपाट पांढरं आणि कडेला तुटक रेघ. निगेटिव्हवर उजेड वाढत गेला तरी घनता वाढायचा वेग हळूहळू मंदावतो. वरच्या टोकाला वक्र रेषा आडवी होत जाते आणि खवल्याच्या पांढऱ्यातही थोडा करडा उतार शिल्लक राहतो.

म्हणूनच दोन्हीकडे एक्स्पोजरचा कल उलटा ठेवावा लागतो. ५०डी आम्ही ३२ समजून मोजतो, म्हणजे दोन तृतीयांश स्टॉप जास्त. निगेटिव्हला जादा उजेड सोसतो, कमी सोसत नाही: सावल्या पातळ राहिल्या तर स्कॅनमध्ये त्या राखाडी आणि दाणेदार येतात. डिजिटलवर वरची बाजू सांभाळायची. एस-लॉग३ मध्ये १८ टक्के करडं ४१ टक्क्यांवर बसतं आणि बहुतेक सोनी कॅमेऱ्यांत सेन्सर ९४ टक्क्यांच्या आसपास भरतो. झेब्रा (ठरवल्याहून उजळ भागावर मॉनिटरमध्ये पट्टे दाखवणारी सोय) ९४ वर ठेवायचा. पाण्यावरच्या आणि खवल्यांवरच्या चकाकीवर पट्टे दिसले तर दिसू द्यावेत, पण सदरा, ढग आणि कपाळ यांवर एकही पट्टा नको. एस-लॉग३ नेहमी पावणेदोन स्टॉप जास्त उघडा, म्हणजे सावलीत नॉइज येत नाही, हा सल्ला बंद खोलीत ठीक आहे. पुळणीवर तो महागात जातो.

सूर्यास्ताला हीच गोष्ट रंगात दिसते. चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल असतात. तांबूस आभाळात लाल चॅनल आधी भरतो, हिरवा मागून वाढतच राहतो. त्यामुळे सूर्याभोवती तांबड्याचं एकदम लिंबू पिवळं होतं आणि त्यापुढे पांढरं. बदल होतो तिथे कडं उमटतं. ८ बिटमध्ये काढलं असेल तर प्रत्येक चॅनलला २५६ च पायऱ्या, आणि मोकळ्या आभाळात त्या पट्ट्यांसारख्या मोजता येतात. १० बिटमध्ये १०२४ असतात. फिल्मवर सूर्याभोवतीचा उजेड विरत जातो, आणि दाण्यांमुळे पट्टे पडतच नाहीत. दाण्यांचा खरा उपयोग म्हणाल तर हा.

रापणीच्या जाळ्याने आणखी एक फरक दाखवला. ओलं जाळं ताणून धरलं की त्याची बारीक वीण सेन्सरच्या पिक्सेलच्या जाळीशी भिडते आणि जाळ्यावर हिरव्या-जांभळ्या लाटा पळू लागतात. हाच तो मोआरे. फिल्मचे कण दर फ्रेमला वेगळ्या जागी, त्यांना ओळ ना रांग, त्यामुळे तिथे असली नक्षी बनत नाही. डिजिटलवर उपाय साधे आहेत: दोन पावलं पुढे-मागे व्हा, लेन्सची लांबी बदला किंवा फोकस जाळ्यावरून हलवून दोर धरलेल्या हातांवर आणा. नंतर सॉफ्टवेअरने हे जवळजवळ निघतच नाही.

हालचालीबद्दल थोडक्यात. भर उन्हात फोन स्वतःहून शटर हजाराव्या-दोन हजाराव्या भागापर्यंत नेतो. मग लाटेचा प्रत्येक थेंब काचेच्या मण्यासारखा थिजलेला आणि चाल तुटक. पन्नासावा भाग ठेवला की थेंबाची रेघ होते, डोळ्याला सलग वाटतं. त्यासाठी फोनलाही एनडी लागतोच. जुन्या पाल डीव्ही (आपल्याकडच्या टीव्हीच्या मापाचे डिजिटल टेप) कॅमेऱ्यांवर काढलेली लग्नं ‘कॅसेटसारखी’ का दिसतात तेही यातच आहे: ७२० गुणिले ५७६ चं चित्र, पण सेकंदाला ५० इंटरलेस्ड फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं), म्हणजे हालचालीचे नमुने दुप्पट. फार गुळगुळीत. पॅनासोनिकच्या डीव्हीएक्स१०० ने २००२ मध्ये छोट्या कॅमेऱ्यात २४ प्रोग्रेसिव्ह, म्हणजे अखंड, फ्रेम दिल्या आणि रिझोल्यूशन डीव्हीचंच असूनही चित्र एकदम सिनेमाकडे झुकलं. आजच्या टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग हाच जुना दोष पुन्हा आणून बसवतं. ते बंद करावं.

२४-२५ फ्रेमवर पॅन करताना जुना नियम पाळावा: एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसरीकडे जायला साधारण सात सेकंद. त्याहून भरभर फिरवलं तर माडांची रांग धडधडते. डिजिटलवर त्यात रोलिंग शटरची भर, कारण चित्र वरून खाली ओळीओळीने वाचलं जातं. माडाचे बुंधे तिरके होतात आणि होडीतून काढलं तर क्षितिज रबरासारखं लवतं.

पाऊस आणि समुद्र हे कोडेकचे (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीचे) वैरी. लाँग-जीओपी कॉम्प्रेशन आधीच्या फ्रेममधून पुढची बनवतं. पावसात प्रत्येक थेंब नवा, मागचा काही कामाचा नाही. १०० मेगाबिटवर काढलेल्या मुसळधारेत मागचा डोंगर चौकोन-चौकोन होतो. ऑल-इंट्रा, म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणाऱ्या, २५० मेगाबिटवर तासाला सुमारे ११० जीबी जागा जाते, १०० मेगाबिटवर ४५ जीबी. आषाढात ती जागा द्यावीच.

रंगांसाठी कोकणाइतकी सोयीची जागा नाही: जांभ्याचा तांबडा, भाताचा हिरवा, दोन्ही एकाच फ्रेममध्ये. फिल्मवर रंग गडद होतो तो त्या रंगाचं डाय (फिल्ममधलं रंगद्रव्य) वाढून, आणि डाय वाढलं की उजेड कमी पडतो. म्हणून दाट रंग काळसर, वजनदार होतो. डिजिटलमध्ये सॅच्युरेशन वाढवलं की रंग उजळतो. नुकत्या कापलेल्या ओल्या चिऱ्याचा तांबडा फिल्मवर काळ्या-तांबड्याकडे जातो, तर डिजिटलवर तो प्लॅस्टिकच्या बादलीसारखा पेटतो. भाताचा हिरवा डिजिटलवर पोपटी. उपाय: सॅच्युरेशनला हात लावायच्या आधी हिरव्याची उजळी खाली आणायची, त्याची छटा पिवळ्याकडून थोडी निळ्याकडे सरकवायची, आणि लालचंही तसंच, फक्त उजळी. माणसांच्या कातडीचा रंग लालच्या शेजारीच असतो, तेव्हा निवड अरुंद ठेवायची. नाहीतर खाणीतले कामगार आजारी दिसतात.

रात्रीच्या दशावताराला मात्र डिजिटल उजवं ठरतं, यात वाद नको. ५०० ची फिल्म, एफ २, पन्नासावा भाग: त्यासाठी चेहऱ्यावर सुमारे १० फूट-कँडल, म्हणजे शंभरएक लक्स लागतात. जत्रेतल्या रंगमंचाच्या मध्यभागी तेवढे मिळतात, कडेला पायपेटी आणि पखवाजवाल्यांवर मिळत नाहीत. लॅबला सांगून एक स्टॉप पुश (फिल्म जास्त वेळ डेव्हलप) करता येतं, पण कॉन्ट्रास्ट चढतो, दाणे फुगतात आणि सावलीत जे नोंदलंच गेलं नाही ते तरीही येत नाही.

डिजिटलची अडचण एलईडीने होते. मंडळी हल्ली लाल-निळे पार लाइट (रंगमंचाचे गोल दिवे) लावतात. सेन्सरवर निळ्या आणि लाल फिल्टरचे पिक्सेल प्रत्येकी एक चतुर्थांश, हिरवे निम्मे. निव्वळ निळ्या उजेडात एक चतुर्थांश पिक्सेलच कामाला लागतात, निळा चॅनल भरून जातो आणि पात्राचा रंगवलेला चेहरा जांभळा पुठ्ठा होतो, भुवई कुठे आणि गाल कुठे ते कळत नाही. दिवे लावणाऱ्याला खेळाआधी गाठून समोरून एकच उबदार पांढरा दिवा मागून घ्यायचा. तेवढ्याने तिन्ही चॅनलना माहिती मिळते. एलईडी मंद केले की ते भरभर उघडझाप करतात. डिजिटलवर त्याचे आडवे पट्टे खाली सरकताना दिसतात, फिल्मवर पूर्ण फ्रेमच उजळ-मंद होत धडधडते. फिल्मवर हे रश, म्हणजे लॅबमधून धुऊन आलेलं चित्रण, आल्यावरच कळणार. म्हणून आधी डिजिटलच्या मॉनिटरवर शटर बारीक-बारीक हलवून पट्टे कुठे थांबतात ते पाहायचं, किंवा डिमर पूर्ण वर ठेवायला सांगायचं.

उघड्या बल्बभोवती फिल्मवर तांबूस कडं दिसतं, ते हॅलेशन. उजेड इमल्शन पार करून फिल्मच्या पाठीवरून परत फिरतो आणि सगळ्यांत खालच्या, लाल उजेड टिपणाऱ्या थराला आधी लागतो. सिनेमाच्या निगेटिव्हला हा परतीचा उजेड अडवणारा थर असतो, त्यामुळे कडं अगदी थोडंसं असतं. सॉफ्टवेअरमध्ये लोक देतात तेवढं तर कधीच नसतं.

डबे लॅबला पाठवताना एक्स-रेचं भान हवं. विमानाच्या कुरिअरपेक्षा माणसाबरोबर हातात पाठवलेले बरे. डब्यावर स्टॉक, फूट, किती एएसए धरला आणि ‘नॉर्मल’ की ‘पुश एक’ हे स्पष्ट लिहायचं. प्रत्येक डब्याच्या सुरुवातीला दहा फूट ग्रे कार्ड आणि कलर चार्ट घ्यायचा. स्कॅन करणाऱ्याला आणि नंतर आपल्याला धरायला तेवढाच खुंटा असतो. ईसीएन-२ या सिनेमाच्या निगेटिव्ह धुण्याच्या प्रक्रियेत डेव्हलपर ४१.१ अंशांवर असतो आणि वेळ तीन मिनिटं. घरच्या बादलीत जमणारं काम नव्हे हे. १६ मिमीला २के स्कॅन पुरतो, ३५ ला ४के. ४०० फुटांत १६,००० फ्रेम, १० बिट डीपीएक्सची (स्कॅनची, फ्रेमागणिक एक फाइल) पूर्ण २के फ्रेम सुमारे पावणेतेरा एमबी, म्हणजे एका डब्याला २०० जीबी. फिल्म ‘डिस्क वाचवते’ हा समज इथे संपतो.

जुळवणीचा क्रम महत्त्वाचा. स्कॅन सिनिऑन लॉगमध्ये (निगेटिव्हची घनता ० ते १०२३ आकड्यांत नोंदवायची पद्धत) येतो: काळं ९५, मधलं करडं ४४५, पांढरं ६८५. डिजिटलचं एस-लॉग३ आधी कलर स्पेस ट्रान्सफॉर्मने त्याच सिनिऑनमध्ये आणायचं, मग एक्स्पोजर आणि समतोल ग्रे कार्डवर जुळवायचा, आणि सगळ्यांत शेवटी कोडॅकच्या २३८३ प्रिंट फिल्मचा लट (एलयूटी, म्हणजे रंग बदलायचा तयार तक्ता). दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये तो तयार मिळतो. लोक तो थेट एस-लॉग३ वर टाकतात आणि चेहरे मळकट, काळं निळसर झालं की लटला शिव्या घालतात. त्या लटला सिनिऑन हवा असतो, एवढंच. त्यानंतर बारीक तपशील किंचित मऊ, मग अगदी अल्प हॅलेशन, मग ग्रेन. ग्रेन पूर्ण चित्रावर सारखा पसरू नये: मधल्या उजेडात जास्त, पांढऱ्यात जवळजवळ नाही. गेटमधली थरथर घालायचीच तर एक पिक्सेलच्या आत. चित्र हलताना दिसलं तर ती जास्त झाली.

एवढं करून बघणारा व्हॉट्सॅपवर बघणार असेल तर ग्रेन काढूनच टाका. कमी बिटरेटवर त्याचे चौकोन होतात आणि सोबत खवल्यांची, पावसाची माहितीही जाते. यूट्यूबसाठी २के काम असलं तरी ४के करून चढवावं, तिथे बिटरेट जास्त मिळतो.

निगेटिव्ह परत आल्यावर ती किनाऱ्यावरच्या घरात ठेवू नये. अ‍ॅसिटेटचा बेस दमट आणि उबदार हवेत सडू लागतो, त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल सडण्याचा वेग वाढवतं. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर तो डबा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करायचा, कारण वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत करकचून बांधू नये, वाफ आतच कोंडते. हवा खेळेल असा डबा, थंड आणि कोरडी जागा, घाटावर कुणाकडे असली तर उत्तम. डिजिटलच्या दोन वेगळ्या डिस्क दोन वेगळ्या घरांत ठेवायच्या आणि दरवर्षी मृग लागायच्या आधी दोन्ही चालवून, फाइल उघडून बघायच्या. खाऱ्या हवेत कनेक्टर आधी जातात, डिस्क नंतर.